सुट्टीही सरावातच धरा

संध्याकाळी साडेसहाला पुण्यातल्या खडकी बाजारातून एक चक्कर मारा. आईच्या नाहीतर बाबांच्या स्कूटरवर मागे बसलेली पोरं दिसतील. अंगात पांढरा कराटेचा ड्रेस, कमरेला पिवळा किंवा हिरवा पट्टा आणि पाठीवर अजून शाळेचं दप्तर. थोड्या वेळाने मोठी माणसं निघतात. कुणी दारूगोळा फॅक्टरीतली पाळी संपवून, कुणी पिंपरीच्या कंपनीतून घरी येऊन, कुणी रात्रीचा स्वयंपाक लवकर उरकून. बॅगेत ग्लोव्ह्ज, पाण्याची बाटली, एक जास्तीचा टी-शर्ट. या मंडळींना घाम गाळा म्हणून सांगावं लागत नाही. एखाद्या संध्याकाळी घरी बसणं मात्र त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना जमत नाही.

बसले तरी चित्त थाऱ्यावर नसतं. ‘आज सगळे जोडीने कुमिते लढत असतील.’ ‘महिन्याची फी भरलीय आणि मी इथे सोफ्यावर.’ ‘असंच चाललं तर मागे पडणार.’ शेवटी न राहवून दिवाणखान्यातच भिंतीकडे तोंड करून शंभर पंच मारले जातात. त्यात ना धड सराव होतो, ना धड विश्रांती.

हा लेख या रुखरुखीवरचा आहे. तुम्ही कराटे करत असाल, तायक्वांदो, जूडो, बॉक्सिंग, किकबॉक्सिंग किंवा लाल मातीतली कुस्ती. सांगणं एकच आहे. विश्रांतीचा दिवस आधी ठरवा, वेळापत्रकात लिहा आणि सरांना सांगा. असा दिवस घेताना मनाला टोचणी लागायचं कारण उरत नाही. न ठरवता मारलेली दांडी मात्र मनाला खाते, आणि ती खायलाच हवी.

जुन्या तालमीतली दुपार

विश्रांतीचा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो: पूर्वीचे पैलवान कुठे सुट्ट्या घेत होते?

आपल्या भागाला हा प्रश्न विचारायचा हक्कच आहे. 5 नोव्हेंबर 1817 ला पेशवे आणि इंग्रज यांच्यातली लढाई इथे खडकीला झाली. त्या युद्धात लहुजी वस्ताद साळवे यांचे वडील राघोजी कामी आले. पुढे लहुजींनी पुण्याच्या गंज पेठेत तालीम उभी केली आणि दांडपट्टा, तलवार, कुस्ती शिकवली. महात्मा फुले त्यांच्याकडे शिकले, वासुदेव बळवंत फडकेही शिकले. तालमीबद्दलचा आदर असा इथल्या मातीतलाच आहे, आणि ‘तालमीला खंड म्हणजे पाप’ ही समजूतही त्याच्याबरोबरच आलेली आहे.

पण पैलवानाचा दिवस सबंध बघा. उजाडायच्या आत उठायचं, जोर-बैठका मारायच्या, हौद्यात लढती करायच्या. मग थंडाई, दूध, पोटभर जेवण. आणि त्यानंतर दुपारी ताणून झोप. भर दुपारी तालमीत गेलात तर सामसूम असते. सकाळी एकमेकांना उचलून आपटणारे पठ्ठे घोंगडी अंथरून घोरत असतात. संध्याकाळी पुन्हा मेहनत, अंगाला मालिश आणि रात्री लवकर अंथरुणावर. मेहनत, खुराक आणि झोप या तिन्हींवर वस्तादांचं सारखंच लक्ष असतं. वर्षाचंही तसंच. जत्रा-यात्रांचा हंगाम सरला आणि पाऊस लागला की मैदानं कमी होतात. बारा महिने रोज मैदान मारणारा पैलवान कुणी पाहिलेला नाही.

आता आपला दिवस घ्या. सकाळी डबा, आठ-नऊ तास नोकरी, हॅरिस पुलावरची नाहीतर होळकर पुलावरची गर्दी, आणि त्यानंतर दीड तास क्लास. आपण पैलवानाची मेहनत उचलली आणि त्याची दुपारची झोप सोडून दिली. मोबाइलवर बघितलेल्या खेळाडूंच्या व्हिडिओंचंही तेच आहे. मुंढव्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी राहून सराव करणाऱ्या बॉक्सरचं किंवा कुस्तीगिराचं खेळ हेच काम असतं. दोन सत्रांच्या मधली दुपार त्याची स्वतःची असते, दुखलं-खुपलं बघायला माणसं असतात. त्याचं सहा दिवसांचं वेळापत्रक आपल्या आठ तासांच्या नोकरीवर चढवलं तर शरीर बोंब मारणारच.

घरी बसल्यावर शरीर काय करतं

जोरदार सरावात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. त्यातूनच ते पुढे मजबूत होतात, पण ती दुरुस्ती क्लासमध्ये होत नाही. ती होते नंतरच्या एक-दोन दिवसांत, आणि त्यात झोपेचा वाटा मोठा असतो. नवीन व्यायाम केल्यावर अंग आंबतं तेही लगेच नाही. दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. म्हणून सोमवारी जोरात स्पॅरिंग करून मंगळवारी ‘मला तर काहीच झालं नाही’ म्हणणारा बुधवारी जिना उतरताना कठडा धरतो.

स्नायूंमधला साखरेचा साठाही दमदार सत्रानंतर बराच रिकामा होतो. भात, भाकरी, पोळी, फळं असं नीट खाल्लं तरी तो पूर्ववत व्हायला जवळजवळ एक दिवस जातो. स्नायूंपेक्षा अस्थिबंध आणि स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे फार सावकाश बळकट होतात. त्यांचा हिशेब आठवड्यांचा नाही, महिन्यांचा असतो. लाथेत जोर आला पण गुडघा कुरकुरू लागला, ही तक्रार वाढत्या वयाच्या मुलांत आणि पस्तिशीनंतर सुरुवात केलेल्यांत नेहमीची आहे. तिच्यामागे बरेचदा हेही असतं: स्नायू पुढे गेले, बाकीचे मागे राहिले, आणि त्यांना गाठायला कुणी वेळच दिला नाही.

‘चार दिवस गेलो नाही तर सगळं जाईल’ ही भीती तर निखालस खोटी आहे. सराव पूर्ण बंद केला तरी दमसासात मोजता येण्याजोगी घट व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. ताकद त्याहूनही जास्त दिवस टिकते. अंगवळणी पडलेला काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) किंवा डाव एका आठवड्यात विसरत नाही. आठवड्यातले दोन दिवस घरी राहून कुणाचं काही जात नाही.

जिथे विश्रांती सक्तीची आहे

विश्रांती ही कच्च्या माणसाची गरज, असं वाटणाऱ्यांनी हौशी बॉक्सिंगचे वैद्यकीय नियम बघावेत. डोक्याला मार बसून बॉक्सर नॉकआउट झाला, तर किमान 30 दिवस त्याला लढत तर नाहीच, स्पॅरिंगही करता येत नाही. असं पुन्हा पुन्हा झालं तर ही बंदी आणखी लांबते. तो कितीही तयारीचा असो, पुढची स्पर्धा कितीही मोठी असो.

आपल्या क्लासमध्ये पंच नसतात, डॉक्टर नसतात. म्हणून हा नियम आपला आपणच पाळायचा. स्पॅरिंगमध्ये डोक्याला मार लागून डोळ्यांपुढे अंधारी आली, काही क्षण काय झालं ते आठवेना, नंतर डोकं जड राहिलं किंवा मळमळलं, तर त्या दिवशी खेळ तिथेच थांबवा. ‘थोडं पाणी पी, मग ये परत’ हे ऐकू नका, कुणीही सांगितलं तरी. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, बोलणं अडखळलं किंवा फार झोप यायला लागली तर थेट हॉस्पिटल गाठा. आणि डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत डोक्यावर मार बसेल असा कोणताही सराव नको. इथे रुखरुखीचा प्रश्नच येत नाही.

पावसाळ्यात दुसरी एक सक्तीची सुट्टी येते ती तापाची. साधी सर्दी, नाक वाहणं एवढंच असेल तर हलका सराव चालतो. अंगात ताप असेल, अंग मोडून आलं असेल, छातीत कफ असेल तर घरी झोपा. तापात दमवणारा व्यायाम केला तर क्वचित हृदयाच्या स्नायूंनाही सूज येते. डेंग्यू होऊन गेल्यावर प्लेटलेट पूर्ववत झाल्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत आणि डॉक्टर परवानगी देईपर्यंत मारामारीचे खेळ बंद. एरवी ज्या मुक्या माराची आपण दखलही घेत नाही, तो तेव्हा महागात पडू शकतो. चिकुनगुन्यानंतर सांधे कित्येक आठवडे दुखतात. तिथे घाई केली तर एका महिन्याचं दुखणं सहा महिन्यांवर जातं.

मनाचे चार आक्षेप

*फी वाया जाते.* फी महिन्याभराच्या शिकण्याची असते, हजेरीची नव्हे. दमलेल्या अंगाने सहा दिवस जाऊन चुकीची लाथ घोटण्यापेक्षा ताज्या अंगाने चार दिवस जाऊन नीट लाथ शिकणं स्वस्त पडतं. पाऊल मुरगळलं की डॉक्टर, एक्स-रे आणि फिजिओथेरपीचा खर्च होतो तो वेगळाच, आणि त्या महिन्याची फी तर खरोखरच वाया जाते.

*सर काय म्हणतील?* सरांना आधी सांगितलं तर बहुतेक सर काही म्हणत नाहीत. त्यांना राग येतो तो न सांगता गायब होण्याचा आणि दुसऱ्या दिवशीच्या खोट्या सबबींचा. प्रत्येक सुट्टीला आजोबांना आजारी पाडू नका. महिन्याच्या सुरुवातीलाच साधा मेसेज टाका: ‘नमस्कार सर. या महिन्यापासून मी सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार येईन. बाकीचे दिवस विश्रांतीसाठी ठेवले आहेत. ग्रेडिंगच्या आधी बदल हवा असेल तर तुम्ही सांगाल तसं करू.’ एवढं पुरे. कारणं द्यायची नाहीत, माफी तर मुळीच मागायची नाही. आणि आधी ठरवून, सांगून घेतलेल्या विश्रांतीवरूनही जे चारचौघांत अपमान करतात, त्यांचा क्लास बदलावा.

*बरोबरीचे पुढे जातात.* क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री नऊला घामाघूम फोटो पडतात आणि घरी बसलेल्याच्या पोटात खड्डा पडतो. विश्रांतीच्या दिवशी तो ग्रुप उघडू नका, एवढा साधा उपाय आहे. शिवाय पट्ट्यांच्या परीक्षा बघा. तायक्वांदोचं जागतिक मुख्यालय म्हणजे सोलचं कुक्कीवॉन. त्याच्या नियमांनुसार काळ्या पट्ट्याच्या पहिल्या दानवरून दुसऱ्या दानला बसायला किमान एक वर्ष, दुसऱ्यावरून तिसऱ्याला दोन वर्षं आणि तिसऱ्यावरून चौथ्याला तीन वर्षं थांबावं लागतं. रोज गेलात तरी तेवढंच. त्या वर्षांत रविवारही मोजलेले असतात.

*क्लास नसला की मन सैरभैर होतं.* हा आक्षेप खरा आहे आणि त्याची टर उडवू नये. कितीतरी जणांना त्या दीड तासात दिवसभराचा ताण झटकता येतो. पण तो एकच आधार असेल, तर पाय मुरगळून महिनाभर घरी बसायची वेळ येईल तेव्हा काय करणार? विश्रांतीच्या दिवशी मित्राला भेटणं, वाचनालयात जाणं, घरच्यांबरोबर जेवणं, असं मन रमवणारं दुसरं काही हाताशी असू द्या. आणि क्लास चुकला की चिडचिड, बेचैनी, झोप न लागणं इथवर गोष्ट गेली असेल, तर कुणाशी तरी मोकळेपणाने बोला. गरज वाटली तर समुपदेशकाशीही.

आळस की थकवा?

‘आज कंटाळा आलाय’ असं म्हणणारं मन खोटंही बोलतं. खरं-खोटं करायला दोन सोप्या कसोट्या आहेत.

पहिली नाडीची. सकाळी जाग आली की उठायच्या आधी, पडल्या पडल्या, दोन बोटं मनगटावर अंगठ्याच्या मुळाच्या खाली ठेवा आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. आठवडाभर रोज मोजून वहीत लिहिलंत की तुमचा नेहमीचा आकडा कळतो. पुढे लागोपाठ दोन-तीन सकाळी तो पाच-दहा ठोक्यांनी वर दिसला, तर शरीर अजून सावरलेलं नाही, नाहीतर आजारपण येऊ घातलं आहे. त्या दिवशी जोरदार सराव नको.

दुसरी दहा मिनिटांची. शंका असेल तर क्लासला जा आणि फक्त दहा मिनिटं वॉर्मअप करा. अंग मोकळं झालं, मन लागलं, तर तो आळस होता. पुढे चालू ठेवा. दहा मिनिटांनीही पाय शिशासारखे जड असतील, एखादा सांधा टोचत असेल, तर सरांना सांगून घरी या.

यांशिवाय काही खुणा हलक्यात घेऊ नका. भूक मंदावणं, दमूनही झोप न लागणं, वारंवार सर्दी, किरकोळ जखमा लवकर न भरणं, नेहमीचे डाव चुकणं, आणि ज्या क्लासची वाट बघायचो त्याचाच तिटकारा येणं. हे सगळं दोन-तीन आठवडे चाललं तर एक दिवसाची सुट्टी पुरणार नाही. आठवडाभर थांबून डॉक्टरांना दाखवा. मुलींच्या आणि बायकांच्या बाबतीत पाळी लांबणं किंवा बंद होणं ही खूण सगळ्यात महत्त्वाची. सराव भरपूर आणि खाणं अपुरं असेल तर असं होतं आणि त्याने हाडं ठिसूळ होतात. ‘खेळाडूंना असं होतंच’ असं कुणी म्हणालं तरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाच.

आठवडा कसा आखायचा

नोकरी करणाऱ्या प्रौढाला चार दिवस पुष्कळ झाले. सोमवारी जोरदार सत्र, म्हणजे स्पॅरिंग किंवा बॅगवरचं काम. मंगळवारी विश्रांती. बुधवारी हलकं सत्र: काता, पदलालित्य, तंत्र. गुरुवारी विश्रांती. शुक्रवारी पुन्हा जोरदार, शनिवारी मध्यम, रविवारी पूर्ण विश्रांती. दोन जोरदार दिवस पाठोपाठ येऊ द्यायचे नाहीत, एवढं सूत्र लक्षात ठेवलं तर वार हवे तसे बदला. नवशिक्यांनी पहिले तीन महिने तीनच दिवस जावं. स्पर्धेची तयारी करणारे पाच-सहा दिवस करतील, पण त्यातले दोन दिवस खरोखर हलके आणि आठवड्यातला एक दिवस पूर्ण रिकामा हवा. दर चौथ्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणा. स्पर्धेनंतरचा एक आठवडा स्पॅरिंग नको.

आता आपल्याकडच्या काही खास गोष्टी.

पाळीत काम करणाऱ्यांनी आठवडा पाळीप्रमाणे आखावा. रात्रपाळीच्या आठवड्यात दोन हलकी सत्रं पुरे; सकाळी झोपेचं खोबरं झालेलं असताना संध्याकाळी स्पॅरिंग म्हणजे मार खायला जाणं. भोसरी-चिंचवडच्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. अशांनी सगळी राहिलेली मेहनत गुरुवारी एका दमात करू नये; त्या दिवशी एकच सत्र आणि मग दुपारची झोप.

उपवासाचा दिवस हाच विश्रांतीचा दिवस ठेवा. सोमवार असो, गुरुवार असो, चतुर्थी असो की एकादशी. साबुदाण्याच्या खिचडीवर बॅग मारता येते, पण डोकं हलकं होऊन पडायचीही शक्यता असते. रमजानमध्ये रोजा ठेवणाऱ्यांनी सराव इफ्तारनंतर आणि हलका ठेवावा, सेहरीला पाणी भरपूर प्यावं.

गणपतीच्या आधी दीड-दोन महिने पुण्यातली अर्धी तरुणाई ढोल-ताशा पथकांत असते. कमरेला ढोल बांधून दोन तास वाजवणं हा खांदे, मनगटं आणि कंबर यांचा भरपूर व्यायाम आहे. पथकाची तालीम झाली त्या दिवशी बॉक्सिंगची सुट्टी. दोन्ही करतो म्हणणाऱ्याचा खांदा अनंत चतुर्दशीपर्यंत टिकत नाही.

आणि रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढणं ही विश्रांती नव्हे. तो चांगला व्यायाम आहे, पण तो सरावाच्या खात्यात लिहायचा.

मग त्या दिवशी करायचं काय?

आधी झोप. प्रौढांना सात-आठ तास, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास, त्याहून लहानांना नऊ ते बारा तास लागतात. क्लास नाही म्हणून रात्री एकपर्यंत वेब सिरीज बघितली तर दिवस फुकट गेला.

जेवण कमी करू नका. ‘आज घाम गाळला नाही, मग भात कशाला’ हा विचार चुकीचा. दुरुस्ती आजच चाललेली आहे आणि तिला डाळ, अंडी, दूध, मटण, कडधान्यं, जे तुमच्या घरी शिजतं ते लागतंच.

अर्धा तास रमतगमत चाला, हवं तर हलके ताण द्या. घाम येईल असं काही नको.

मग सामानाकडे बघा. पावसाळ्यात ग्लोव्ह्ज आतून वाळतच नाहीत आणि त्यांचा वास घरभर होतो. जुन्या ‘सकाळ’चं नाहीतर ‘लोकसत्ता’चं एकेक पान चुरगळून त्याचे बोळे करा, बोटांपर्यंत कोंबा आणि ग्लोव्ह्ज पंख्याखाली उघड्या तोंडाने ठेवा. दोन-तीन तासांनी बोळे बाहेर काढले की दमट झालेले लागतात. ते टाकून कोरडे भरा. थेट उन्हात वाळवू नका, चामड्याला चिरा जातात. हाताच्या पट्ट्या धुऊन वाळत घाला. नखं कापा. अंगावर, मांड्यांत, मानेवर कुठे नायटा उठलेला नाही ना, ते बघा. मॅटवर आणि मातीत तो एकाचा दुसऱ्याला लागतो, आणि औषध लावून चार दिवस घरी राहणं हे त्यात इतरांवर उपकार करण्यासारखंच आहे.

शिकणं थांबवावंसं वाटत नसेल, तर जपानी डोजोंमधला जुना मार्ग आहे: ‘मितोरी गेइको’, म्हणजे बाजूला बसून डोळ्यांनी करायचा सराव. दुखापत झालेला विद्यार्थी कडेला बसतो आणि एकाच गोष्टीवर नजर ठेवतो. सीनियर मुलगा लाथ मारायच्या आधी टेकलेलं पाऊल कसं वळवतो, गार्ड कधी खाली येतो. आठवड्यातून एखाद्या वेळी असं बसून बघा. फक्त ड्रेस घरी ठेवून जा, नाहीतर पाच मिनिटांत उठून उभे राहाल.

आई-बाबांना आणि घरातल्यांना

मुलांच्या बाबतीत घाई बहुतेक वेळा मोठ्यांची असते. सोमवारी कराटे, मंगळवारी स्केटिंग, बुधवारी पुन्हा कराटे, शनिवारी फुटबॉल आणि रविवारी स्पर्धा. मुलाचं शरीर एकच असतं. क्लास वेगवेगळे म्हणून थकवा वाटला जात नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आपल्यालाही लागू आहे: एका खेळाचा सराव आठवड्यातून जास्तीत जास्त पाच दिवस, किमान एक दिवस सगळ्या संघटित खेळांपासून पूर्ण मोकळा, आणि वर्षातून एकूण दोन-तीन महिने त्या खेळाला सुट्टी. वार्षिक परीक्षा, दिवाळी आणि मे महिन्यातलं गाव धरलं तर ते सहज जमतं. सुट्टीच्या दिवशी मुलगी सोसायटीच्या आवारात पकडापकडी खेळत असेल तर खेळू द्या. ‘एवढी ताकद आहे तर क्लासला का नाही गेलीस?’ असं विचारू नका.

घरातल्या बाईचा प्रश्न वेगळा असतो. क्लासला गेली की तो दीड तास तिचा. न गेली की तोच दीड तास कणीक, भांडी, मुलांचा गृहपाठ आणि सासूबाईंची औषधं यांच्यात जातो. अशा घरी विश्रांतीचा दिवस म्हणजे जास्तीच्या कामाचा दिवस होतो, आणि मग तिला क्लासला जाणंच बरं वाटतं. यावर उपाय तिने एकटीने करायचा नाही. तिच्या विश्रांतीच्या दिवशीही साडेसहा ते आठ ही वेळ तिचीच राहील, हे घराने ठरवायचं. त्या वेळी कुकर दुसऱ्या कुणीतरी लावायचा.

सरांना आणि वस्तादांना

दोन शब्द शिकवणाऱ्यांनाही. तुम्ही सांगितल्याशिवाय मुलं थांबत नाहीत. सगळ्यात मनापासून शिकणारा विद्यार्थीच सगळ्यात आधी दुखापत करून घेतो, कारण त्याला नाही म्हणता येत नाही. महिन्याचं वेळापत्रक लावाल तेव्हा त्यात हलके दिवस आणि बंद दिवस ठळक लिहा. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस बंद करा. त्या बक्षिसापायी ताप अंगात घेऊन मुलं येतात आणि चार जणांना देऊन जातात. सुट्टीनंतर आलेल्याला ‘काय पाहुणे, वाट चुकलात?’ असं विचारण्याऐवजी ‘अंग बरं आहे ना?’ असं विचारा.

बाकी काम तुमचं आहे. या रविवारी रात्री वही घ्या आणि पुढचा महिना आखा. आधी विश्रांतीचे दिवस लिहा, मग सरावाचे. ते पान फ्रिजवर लावा, त्याचा फोटो सरांना पाठवा. त्यावर ज्या दिवशी ‘विश्रांती’ लिहिलं असेल त्या दिवशी घरी राहा, आणि ज्या दिवशी ‘सराव’ लिहिलं असेल त्या दिवशी पाऊस असला तरी क्लासला जा.